‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे मूळ कारण कसं?

कुपवाडकर
कुपवाड एमआयडीसीतला पॉवर प्रेसच्या, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनच्या, अपघाताचा कुठलाही रिपोर्ट घ्या, बहुतेक वेळा साचा ठरलेला. बोट गेलं, मूळ कारण ‘निष्काळजीपणा’, उपाय ‘समज दिली, परत ट्रेनिंग’. दोन्ही हात मशीनबाहेर राहावेत म्हणून दोन बटणं असतात, त्यातलं एक वायरनं बांधलं होतं, इथवर सगळे येतात आणि तिथंच थांबतात. का बांधलं? जॉब (तयार होणारा तुकडा) डायमध्ये (साच्यात) अडकतो, दर वेळी उचकटून काढावा लागतो, मग टार्गेट गाठायला एक हात मोकळा ठेवायचा. का अडकतो? जॉब बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टरची स्प्रिंग ढिली पडलीय, डायची धार गेल्यानं कडेला बर (खरखरीत कंगोरा) येतोय. किती नगांनंतर धार लावायची, हे कुठं लिहिलेलंच नाही. आता समज कोणाला देणार?

मिरज_शिफ्ट_अ
म्हणजे बटण बांधणारा सुटला आणि दोषी स्प्रिंग? दहा-बारा माणसांच्या शॉपमध्ये बांधलेलं बटण सुपरवायझरला दिसतं. दिसलं की मशीन बंद, विषय संपला. ‘का, का’ करत गेलं की शेवटी ‘मॅनेजमेंट’ एवढंच उत्तर येतं. त्यानं उद्याची पहिली शिफ्ट सुरक्षित होते का?

पॅनेलवाला
दोन्ही बटणं नुसती सिरीजमध्ये जोडली तर ती बांधली जाणारच. टू-हँड सेफ्टी रिले टाका. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक (वरच्या भागाचा, म्हणजे स्लाइडचा, एक ठोका), दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा नाही. एक बांधलं की प्रेस चालतच नाही, सुपरवायझरनं बघो न बघो. आणि बटणाचं अंतर मोजा: स्लाइड थांबायला ०.३ सेकंद लागत असेल तर हाताचा वेग सेकंदाला १६०० मिमी धरून १६०० × ०.३ = ४८०, त्यात जादा २५० मिळवून ७३० मिमी. डायपासून हातभरावर बटण म्हणजे नुसती शोभा.

डायमेकर_सांगली
पॅनेलवाले, मोटरची फेरी स्लाइडला जोडणारा क्लच फ्रिक्शनचा, म्हणजे मध्येच सोडवता येणारा, असेल तर हे ठीक. जुन्या पिन क्लचच्या प्रेसवर रिले काय करणार? पिन एकदा बसली की फेरी पूर्ण झाल्याशिवाय स्लाइड थांबत नाही, बटण सोडा नाहीतर धरा. पिन किंवा स्प्रिंग तुटली तर कोणी न दाबता दुसरा स्ट्रोक पडतो. तिथं फिक्स गार्डच (हात आत जाऊ न देणारं पक्कं कव्हर) हवा, फट ६ मिमीच्या आत.

कुपवाडकर, तुमची ‘पाच वेळा का’ विचारून मूळ कारण शोधायची पद्धतसुद्धा अर्धवटच. टोयोटाच्या ताइइची ओनो यांच्या उदाहरणात फ्यूज, ओव्हरलोड, कोरडं बेअरिंग, झिजलेला पंप असं करत शेवटी पंपाला जाळी नाही, इथं गाडी येते. एकच सरळ साखळी, कारण मध्ये माणूस नाही. इथं डाय, नगावरचा पगार, क्लच अशा तीन वेगळ्या फांद्या आहेत. एकच धरली तर दोन तशाच राहतात.

कुपवाडकर
फांद्यांचं मान्य. नगावरच्या पगाराचा मुद्दा मी सोडलाच होता.

मिरज_शिफ्ट_अ
गार्ड मलाही मान्य. पण डाय बदलताना काढलेला गार्ड परत कोण लावतंय? गार्ड नसला की मशीन बंद ठेवणारा लिमिट स्विच बसवलात तर तोही वायरनं बांधतील.

डायमेकर_सांगली
म्हणून गार्ड प्रेसला नको, डायलाच बोल्ट करा. रॅकवरून डाय येतानाच गार्ड येतो. जॉब सरकवायला समोर खाच, पडायला मागं उतार. प्रत्येक डायला वेगळा गार्ड, खर्च पत्रा आणि वेल्डिंगचा.

मिरज_शिफ्ट_अ
आणि अडकलेला जॉब गार्डमधून काढायचा कसा?

डायमेकर_सांगली
काढायचा नाहीच. इजेक्टरची स्प्रिंग बदलायची.