मंगळवार पेठेतील जुना संगणक आणि नवा प्रिंटर

विषय: विंडोज ७ च्या संगणकाला नवा लेझर प्रिंटर जोडण्याबाबत
प्रेषक: सभासद, मेलबर्न

मंडळी, सप्रेम नमस्कार.

माझे वडील, आप्पा, कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतात. ते निवृत्त शिक्षक असून पेठेतील तालमींविषयीची टिपणे अनेक वर्षांपासून संगणकावर उतरवून ठेवत आहेत. संगणक २०१० सालचा, विंडोज ७ चा आहे. तो बदलावा असे आम्हाला वाटत नाही, कारण त्यांचे मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे आहे, त्याचे हार्डवेअर लॉक (जे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही) संगणकाच्या मागील पॅरलल पोर्टमध्ये, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद खाचेत, बसवावे लागते, आणि त्यात लिहिलेला मजकूर माझ्या संगणकावर उघडला की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता गोंधळ दिसतो.

आतापर्यंत त्याच लॉकच्या पाठीमागे जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला होता. तो बंद पडल्याने आप्पांनी लेझर प्रिंटर घेतला. दुकानातून एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला पॅरलल असलेली वायर मिळाली, पण ती प्रिंटरला बसलीच नाही. साधी यूएसबी केबल लावली तर संगणक ‘अज्ञात उपकरण’ एवढेच दाखवतो. आता नवा संगणक घ्यावा असा सल्ला दुकानातून मिळाला आहे. छापील पानाशिवाय आप्पांना मुद्रितशोधन जमत नाही, त्यामुळे त्यांचे काम महिनाभर थांबले आहे. कृपया मार्ग सुचवावा.

---

प्रेषक: सभासद, सध्या मुक्काम शाहूपुरी, कोल्हापूर

ताई, नमस्कार.

नवा संगणक घेण्याची घाई करू नये. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून दोष संगणकात किंवा प्रिंटरमध्ये नसून त्या दोघांमधील ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकाकडून प्रिंटर चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, असावा, असे मला वाटते.

दुकानातून मिळालेली वायर प्रथम बाजूला ठेवावी. ती जुना पॅरलल प्रिंटर नव्या संगणकाच्या यूएसबीला जोडण्यासाठी असते. उलट दिशेने ती चालत नाही.

आता मूळ अडचणीकडे येतो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला अक्षरे पाठवली की तो ती स्वतःच्या ठशांनी छापतो आणि चित्ररूप मजकूरही ठरावीक, सर्वांना ठाऊक असलेल्या आज्ञांवर काढतो, म्हणून तो जवळजवळ कोणत्याही संगणकाला जुळत असे. घरगुती वापराच्या अनेक स्वस्त लेझर प्रिंटरांत पान रचण्याची बुद्धी प्रिंटरमध्ये नसतेच; संपूर्ण पानाचे चित्र संगणक तयार करतो आणि त्या कंपनीच्या खास भाषेत पाठवतो. ही भाषा ड्रायव्हरलाच येते, आणि ड्रायव्हर विंडोजच्या त्याच आवृत्तीचा आणि त्याच जातीचा लागतो. संगणकाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिस्टम टाइप’ पाहावा. तेथे ३२ बिट असे लिहिले असेल, तर ६४ बिटांचा ड्रायव्हर त्यावर बसणारच नाही.

ड्रायव्हर आप्पांच्या संगणकावर उतरवू नये. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला असून त्यावरील जुन्या ब्राउझरला आजची अनेक संकेतस्थळे नीट उघडत नाहीत. शिवाय ज्या संगणकात इतक्या वर्षांचे लेखन आहे, तो या एका कामासाठी इंटरनेटला जोडणे मला योग्य वाटत नाही. तुम्हीच तेथून ड्रायव्हर उतरवून कोल्हापुरातील नातेवाइकांकरवी पेन ड्राइव्हवर द्यावा. मात्र कंपनीचे पान तुमचा स्वतःचा संगणक ओळखून त्याचाच ड्रायव्हर पुढे करील, तेव्हा यादीतून विंडोज ७ हाताने निवडावे.

क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी केबल काढावी, ‘डिव्हाइस मॅनेजर’मधील अज्ञात उपकरणाची नोंद पुसावी, मग ड्रायव्हर बसवावा आणि पडद्यावर सूचना आल्यावरच केबल लावावी. केबल संगणकाच्या मागील यूएसबीला लावावी आणि ५ मीटरपेक्षा लांब नसावी. ड्रायव्हरच्या सहीबद्दल (तो कंपनीचाच असल्याच्या डिजिटल खुणेबद्दल) तक्रार आली, तर विंडोजला एसएचए-२ या नव्या पद्धतीची सही ओळखता येत नाही असे समजावे. त्यासाठीचे अपडेट सर्व्हिस पॅक १ असलेल्या विंडोज ७ वर स्वतंत्रपणे बसवता येते. शेवटी प्रिंटरच्या ‘पोर्ट्स’मध्ये खूण एलपीटी१ वर (म्हणजे पॅरलल पोर्टवर) नसून यूएसबी००१ वर आहे, याची खात्री करावी, जुना प्रिंटर एलपीटी१ वर असल्याने येथे चूक होण्याचा संभव आहे.

विंडोज ७ चा ड्रायव्हर कंपनीने काढलाच नसेल, तरी काम अडणार नाही. जुन्या संगणकावर पीडीएफ करणारा आभासी प्रिंटर बसवावा. विंडोज १० मध्ये ही सोय अंगचीच आहे, ७ मध्ये नाही. फॉन्ट पीडीएफमध्येच सामावून घेतले की ती फाइल, प्रिंटरमध्ये वाय-फाय असेल तर, फोनवरून छापता येते आणि मजकूर बिघडत नाही. माझ्या मते हे तुम्ही एरवीही करून ठेवावे, कारण ते हार्डवेअर लॉक एखाद्या दिवशी निकामी झाले, तर वाचण्याजोगी प्रत तेवढीच उरेल.

आणखी दोन गोष्टी. लेझर प्रिंटर संगणकाच्या छोट्या यूपीएसवर लावू नये, कारण त्यातील फ्यूजर (छपाईची पूड उष्णतेने कागदावर पक्की करणारा भाग) तापताना क्षणभर फार मोठा प्रवाह ओढतो. आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये कागद ओल धरतो, पाने एकमेकांना चिकटून अडकतात; रीम प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवून लागतील तेवढीच पाने ट्रेमध्ये घालावीत.

आप्पांना माझा नमस्कार सांगावा.

---

प्रेषक: सभासद, मेलबर्न

काका, सादर प्रणाम.

संगणक ३२ बिटांचाच निघाला. कंपनीच्या यादीत अगदी तळाशी विंडोज ७ चा ड्रायव्हर होता. पानाने मला सुरुवातीला विंडोज ११ चाच दिला होता, म्हणून तुमची सूचना नसती तर मी तोच पाठवला असता. भाच्याने पेन ड्राइव्ह नेला. पहिल्या वेळी सहीची तक्रार आली, अपडेट बसवल्यावर ड्रायव्हर चालला, आणि मग केबल लावताच प्रिंटरचे नाव पडद्यावर आले. तरीही पान निघेना, कारण खूण खरोखरच एलपीटी१ वर होती. ती बदलल्यावर चाचणीचे पान आले आणि त्यामागोमाग आप्पांच्या टिपणांची पहिली १४ पाने निघाली. लॉक आपल्या जागीच आहे, त्याला आम्ही हात लावला नाही.

पीडीएफचे काम भाच्याने अंगावर घेतले आहे. आजवर तीन प्रकरणे माझ्याकडे आली असून त्यांतील प्रत्येक जोडाक्षर जागेवर आहे.