भावाच्या चित्रांना वळण लावावे की ती आहेत तशी राहू द्यावीत?

पळसफूल (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ) :

नमस्कार. माझा धाकटा भाऊ १७ वर्षांचा असून त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. त्याचे हातपाय ताठरतात आणि बोलणे घरच्यांनाही निम्मेच उमगते; समज मात्र पूर्ण आहे. दीड वर्षापूर्वी त्याने चुलीतला कोळसा घेऊन ओसरीच्या भिंतीवर चित्रे काढायला सुरुवात केली. दिवाळीत मायने त्या भिंतीला चुना दिला, तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही, आणि ती चित्रे त्याच्यासाठी काय होती हे आम्हाला तेव्हा कुठे कळले. तेव्हापासून बाबा त्याला जुन्या कॅलेंडरांचे कागद आणून देतात.

अडचण अशी आहे की, त्याला शिकवायला येणारे एक गुरुजी त्याचा हात आपल्या हातात धरून रेघ सरळ करून देतात, आणि दिव्यांग मुलांच्या वस्तू विकणाऱ्या एका मंडळाने त्याच्याकडून फुलांची भेटकार्डे मागितली आहेत. तो मात्र फुले काढत नाही. माझ्या लग्नात गर्दी सोसणार नाही म्हणून त्याला मागच्या खोलीत ठेवले होते, आणि त्याला माझा विरोध नव्हता. गेल्या महिन्यात मी माहेरी आले, तेव्हा त्याने एक कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर मांडव, सगळी माणसे पाठमोरी, आणि कोपऱ्यात गजांची एक खिडकी होती. बाबा म्हणाले, "पाहुण्यायले हे नोको दाखवू." त्याला आनंदी विषयांकडे वळवावे का? आणि कोळसा बोटांतून सुटतो, त्यावर काही उपाय आहे का?

थेरपिस्ट, वर्धा :

मी ऑक्युपेशनल थेरपीचे, म्हणजे रोजची कामे स्वतःला जमावीत यासाठीच्या उपचारांचे, काम करते, म्हणून आधी हाताविषयी लिहिते. बारीक वस्तू घट्ट धरण्याच्या खटपटीत अशा मुलांचा ताठरपणा आणखी वाढतो, त्यामुळे कोळशाच्या कांडीभोवती सुती चिंधी गुंडाळून ती जाड करा, किंवा सायकलच्या मुठीचे रबर वापरून पाहा. कागद चारही बाजूंनी फळीला चिकटवा आणि फळी थोडी तिरपी ठेवा. बसताना त्याचे तळपाय जमिनीवर किंवा पाटावर पूर्ण टेकलेले असावेत आणि कोपराला आधार असावा, कारण धड डळमळत असेल तर सारी शक्ती तोल सांभाळण्यातच जाते. हात धरून रेघ ओढून देणे कृपया थांबवायला सांगा. चित्रात दुःख दिसते एवढ्यावरून त्याला आजारी समजू नका. जेवण आणि झोप बरेच दिवस बिघडलेली राहिली, तर मात्र डॉक्टरांना जरूर दाखवा.

कलाशिक्षक, चंद्रपूर जिल्हा :

रेघ सरळ करण्याची ही सवय आम्हा चित्रकलेच्या शिक्षकांमध्ये फार आहे, आणि ग्रेड परीक्षांची तयारी करून घेता घेता ती मलाही जडली होती. परीक्षेत वस्तुचित्र वस्तूसारखे दिसावे लागते, हे खरे. पण आपल्या भावाच्या कोळशाच्या तुटक, दाबून ओढलेल्या रेघेत त्याच्या शरीराचा जो जोर उतरतो, तो सरळ रेघेत उरणार नाही. शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी यांची एक डोळा जन्मतः गेलेला आणि दुसऱ्याची दृष्टी अतिशय कमी, अशी अवस्था होती. तशा दृष्टीने त्यांनी १९४६-४७ मध्ये तेथील हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे विशाल चित्र रंगवले, आणि पुढे पूर्ण अंध झाल्यावरही कागद कापून, चिकटवून ते काम करत राहिले. फ्रेंच चित्रकार मातीस यांनीही १९४१ च्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर कात्री हाती घेतली. या दोघांनी साधन बदलले, सांगायचे ते सोडले नाही. भेटकार्डे त्याला स्वतःला करावीशी वाटली तर करू द्या, त्यात कमीपणा नाही. पण विषय मंडळाने ठरवू नये.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडांना, तोटा नाही. तिच्या पेन्सिलीएवढ्या काड्या सोलून, झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्यात भरून, झाकणाला खिळ्याने एक छिद्र पाडून डबा विस्तवात ठेवला, तर चुलीतल्या कोळशापेक्षा मऊ आणि एकसारखा कोळसा मिळतो.

एक वाचक, अचलपूर :

मलाही पाल्सीच आहे, वय २३. मी मोबाइलवर एका बोटाने कविता लिहितो, आणि हे उत्तर लिहायला मला जवळजवळ दीड तास लागला. एका कार्यक्रमात मला शाल आणि श्रीफळ देऊन माझ्या जिद्दीविषयी बराच वेळ बोलण्यात आले, पण ज्या कवितेसाठी बोलावले होते ती कोणीही वाचली नाही. त्या दिवशी आलेला राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. "अशा हातांनी किती छान काढतो" हे वाक्य तुमच्या घरी बंद करता आले तर पाहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आम्हाला सांस्कृतिक जीवनाचा हक्क दिला आहे, पण तुमच्या घरातला प्रश्न कायद्याच्या आधीचा आहे. ताई, त्याने तो कागद बाबांपुढे किंवा गुरुजींपुढे नव्हे, तुमच्यापुढे सरकवला. त्याला वळवावे का, हे तुम्ही आम्हाला विचारत आहात. त्याला मात्र अजून उत्तर मिळालेले नाही.

पळसफूल :

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. काल मी त्याच्याजवळ बसून, ही खिडकी मागच्या खोलीची का, असे विचारले. त्याने होकारासाठी डोळे वर केले. माझी चूक झाली, असे मी त्याला म्हटले. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही; मग त्याने पाठमोऱ्या माणसांपैकी एकीवर बोट टेकवले आणि माझ्याकडे पाहिले. ती मी होते. चित्र ओसरीत लावायचे का, याला त्याने नकार दिला, म्हणून ते त्याच्या पेटीत ठेवले आहे. बाबांनी सायकलच्या दुकानातून मुठीचे रबर आणले आहे. गुरुजींशी मी स्वतः बोलेन. सर, पऱ्हाटीच्या काड्यांचा डबा विस्तवात साधारण किती वेळ ठेवायचा, आणि तो पूर्ण निवाल्यावरच उघडायचा का, एवढे कृपया कळवावे.