फवारणीचं हेलिकॉप्टर आणि कोर्टकचेरी : तुमचे अनुभव

रानभूल: सकाळी डोंगराआडून तणनाशक फवारणाऱ्या हेलिकॉप्टरचा आवाज आला आणि चहा तसाच टाकून ओढ्याच्या पाण्याचा कॉक बंद करायला धावले. जुनी सवय! अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या कोस्ट रेंज डोंगरांत आम्ही नवे होतो तेव्हा शेजारच्या आजींनी पलंगाखालचं खोकं ओढून दाखवलं होतं. सत्तरच्या दशकातल्या खटल्याचे कागद. कडेला पेन्सिलीने तारीख, वारा कुठून, कुठला ओढा. तेव्हा सरकारी जंगलावर २,४,५-टी हे तणनाशक मारायचे, व्हिएतनाम युद्धात फवारलेल्या एजंट ऑरेंजमधलं निम्मं तेच. १९७९ मध्ये ईपीएने (केंद्राचं पर्यावरण खातं) जंगलातला त्याचा वापर थांबवला, १९८४ मध्ये कोर्टाने इथल्या केंद्राच्या जंगलांतली तणनाशक फवारणीच रोखली. तुमच्याकडे आहे असं काही खोक्यात?

टिवल्याबावल्या: खोकं नाही, घेवडा आहे. उडून आलेल्या फवाऱ्याने आख्खा वेल वळला, पानं द्रोणासारखी! आमची हद्द खाजगी लाकूड कंपनीला लागून, तो निकाल त्यांना लागू नाही. पूर्वी नोटिशीत नक्की दिवस नसायचाच, ‘हवामान बघून’ म्हणे. मुलांना अंगणात सोडायचं की नाही? आणि सिद्ध काय करणार, नमुना घ्यायला कोण येतंय.

निवृत्त_काळाकोट: १९८४च्या निकालाची मेख अशी. ‘औषध ईपीएकडे रजिस्टर आहे, आम्ही पुन्हा कशाला तपासू’ हे सरकारचं म्हणणं कोर्टाने मानलं नाही. नेपा (केंद्राचा पर्यावरण कायदा) कायद्याखाली सरकारी जंगलवाल्यांनी स्वतः धोका बघायचा. खात्री नसेल तर वाईटात वाईट काय होईल तेही लिहायचं, हा नियम मात्र १९८६ मध्ये गेला. फोनवरून टाइप करतोय, चूभूद्याघ्या.

डबाबाटली: लिंकन काउंटी, इथलाच किनाऱ्यावरचा जिल्हा!! २०१७ ला मतदान, ६१ मतांनी हवाई फवारणीवर बंदी. नाचलो होतो. २०१९ ला न्यायाधीशांनी रद्द, राज्याच्या कायद्यापुढे काउंटीचं चालत नाही म्हणे. पोळी करपतेय, आले.

रानभूल: पोळी आधी गं.

कुदळफावडं: रागावू नका, पण जपानी नॉटवीड हे बाहेरून आलेलं चिवट तण उपटून दाखवा. दर शनिवारी जातो. बोटाएवढा मुळाचा तुकडा राहिला की पुढच्या महिन्यात परत हजर. तिथे मी औषधाच्या बाजूने, हेलिकॉप्टरने मात्र नको.

टिवल्याबावल्या: दादा, मग ब्लॅकबेरीचं काय करता? तीन वर्षं कापतेय.

कुदळफावडं: खातो.

डबाबाटली: आले. जॅमला साखर किती घालता?