दादाचा स्विम स्पा (घरचा ग्रुप)

दादा: मंडळी, स्विम स्पा घ्यायचं जवळजवळ ठरलंय. ५ मीटर लांब, सव्वादोन रुंद. समोरून पाण्याचा जोर येतो, आपण जागच्या जागी पोहायचं. सकाळी व्यायाम, संध्याकाळी गरम पाण्यात पाय पसरून बसायचं. गच्चीवर ठेवू म्हणतोय.

नाना काका: पाणी किती मावतं?

दादा: ६,००० लिटर.

नाना काका: म्हणजे नुसतं पाणीच ६ टन. वर टब, पंप आणि तू. चौरस मीटरला ६०० किलोच्या वर गेलं. राहत्या घराचा स्लॅब साधारण २०० धरून काढतात रे. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय गच्चीचं नावही काढू नकोस.

दादा: बरं, मग अंगणात. खाली काँक्रीटचा ओटा घालतो.

ताई: फाटकातून येणार का तो? क्रेन लागेल. क्रेन, ओटा, वेगळी वायरिंग, हे सगळं कोटेशनमध्ये धरलंय?

दादा: नाही. ‘जागा ग्राहकाने तयार ठेवावी’ एवढंच लिहिलंय 😐

सई: मामा, पोहायला २७-२८ अंश लागतात, शेकायला ३७-३८. तेवढं पाणी १० अंशांनी तापवायला ७० युनिट जातात. हीटर ३ किलोवॅटचा असला तर जवळजवळ अख्खा दिवस. सकाळ-संध्याकाळचं विसर.

दादा: दोन भागांचेही मिळतात, दोन्हीकडे वेगळं तापमान.

वहिनी: मिळतात ना. मग फिल्टर दोन, क्लोरीन आणि पीएच दोनदा तपासायचं. टाकी भरली की मोटर बंद करायची आठवण मी करते, हे कोण बघणार?

ताई: तुला नक्की हवंय काय? शेकायचंच असेल तर साधा हॉट टब पुरे की.

दादा: पोहायचंय गं. तलावावर जाऊन यायलाच दीड तास मोडतो, म्हणून तर सुटलं सगळं.

नाना काका: हे कारण पटलं.

सई: मग प्रवाह बघून घे. स्वस्तातल्या मॉडेलला दोन-तीन अरुंद झोत असतात. पाणी घुसळतं, तोंडावर येतं, जरा सरकलं की अंग एका बाजूला वळतं. प्रोपेलरवाल्यांचा प्रवाह रुंद आणि शांत, पण किंमत बरीच चढते. शोरूममध्ये पाणी भरलेला टब असेल तर अर्धा तास पोहूनच ये. तुझ्या उंचीला पाय मागच्या भिंतीवर आपटतात का तेही कळेल.

वहिनी: झाकण मला एकटीला उघडता आलं पाहिजे. आणि कुलूप हवंच, पोरं असतात अंगणात.

नाना काका: चारही बाजूंनी माणूस बसून काम करेल एवढी जागा सोड. पंप टबच्या बाजूच्या पॅनेलमागे असतात. भिंतीला चिकटवलास तर पहिल्या गळतीला परत क्रेन. आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) लावल्याशिवाय कोणी पाण्यात उतरायचं नाही.

दादा: शनिवारी जातो पोहून बघायला. क्रेनवाल्याचा नंबर आहे का कोणाकडे?

वहिनी: आधी पोहून ये.