ईमेल लिहायला जावं तर फाइल बंद! शॉर्टकट कुठले ठेवू?

सबटायटलवाली (गोरेगाव):
आम्ही दोघी मिळून सबटायटलं लावायचं विंडोज सॉफ्टवेअर बनवतो. फाइल बंद करायला मी हौसेने कंट्रोल+ऑल्ट+क्यू ठेवलं. परवा एका जर्मन अनुवादकाचा मेल आला: शेवटच्या ओळीत स्वतःचा ईमेल पत्ता टाकायला गेलो की फाइलच बंद होते. मला वाटलं, त्या माणसाचंच काहीतरी चुकतंय. तेवढ्यात गिरगावच्या काकूंचीही तक्रार आली. त्या आमच्या मराठी टायपिंगवाल्या, सगळं इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड लेआउटवर करतात. शोधासाठी स्लॅश दाबलं की त्यांना ‘य’ मिळतो, शोध काही उघडत नाही. आता फ्रान्सचं काम येऊ घातलंय. काय करू?

ठाणेलोकल:
ताई, त्या माणसाचं काही चुकत नाही. जर्मन कीबोर्डवर @ काढायला ऑल्ट जीआर (म्हणजे उजवीकडचं ऑल्ट)+क्यू दाबतात आणि विंडोज ऑल्ट जीआरला कंट्रोल+ऑल्टच समजतं. पोलिशमधले शेपटीवाले ए आणि ई याच वाटेने येतात. कंट्रोल+ऑल्ट+अक्षर ही भानगडच नको. चिन्हंही नकोत. जर्मनवर स्लॅश म्हणजे शिफ्ट+७, चौकटी कंस ऑल्ट जीआर+८ आणि ९. फ्रेंचवर तर साधे आकडेच शिफ्टशिवाय येत नाहीत.

सबटायटलवाली:
अरे देवा, कंस पण वापरलेत. मग ए ते झेड तरी चालेल ना? पुढे-मागे जायला जे, के, एल आहेत.

ठाणेलोकल:
चालेल, पण दोन जाती वेगळ्या ठेवा. अनडूचा झेड माणूस अक्षर शोधून दाबतो. जर्मनवर झेड-वायची अदलाबदल असते, म्हणून तिथे व्हर्च्युअल की बघा, म्हणजे लेआउटप्रमाणे बटणाला मिळणारं नाव. जे-के-एल बोटं जागेवरून दाबतात, तिथे स्कॅन कोड, म्हणजे बटणाच्या जागेचा नंबर. उमटलेल्या अक्षराची वाट बघत बसलात तर काकूंच्या जेवर ‘र’च येणार.

जुना डीटीपीवाला (दादर):
एफ३ ठेवा शोधाला, भाषा कुठलीही असो. आणि ज्याला नको त्याला बदलता येऊ दे, एवढी कृपा करा.

सबटायटलवाली:
रात्री जर्मन लेआउट टाकला, ऑन-स्क्रीन कीबोर्ड समोर ठेवला आणि एकेक बटण दाबत बसले. @ आला, फाइल उघडीच! बंद करायला आता कंट्रोल+डब्ल्यू, शोधाला एफ३. सकाळी काकूंचा फोन: “अगं, एफ३ दाबलं की माझ्या लॅपटॉपचा नुसता आवाज वाढतोय.” कंट्रोल+एफ पण ठेवलंय.