लिनक्सचं रूट (सिस्टिम असलेलं मुख्य पार्टिशन) १०० टक्के भरलंय, पण डीयू (फोल्डरांमधल्या फाइलींची जागा मोजणारी आज्ञा) अर्धीच जागा दाखवतंय. उरलेले १७ जीबी गेले कुठे?

प्रश्न:
परवा लॅपटॉपवर पासवर्ड टाकला, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि लॉगिनचा चौकोन पुन्हा समोर. तीनदा तेच. पासवर्ड चुकला असंही म्हणेना. शेवटी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनलवर गेले आणि डीएफ -एच (डिस्कवर किती जागा वापरली, किती उरली ते दाखवणारी आज्ञा) चालवलं. रूट ४० जीबीचं, वापरलेले ३८, शिल्लक शून्य. म्हणजे /टीएमपीत (तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात) चार अक्षरं लिहायलाही जागा नाही, मग डेस्कटॉप उघडणार कुठून!

एपीटी क्लीनने उतरवलेल्या पॅकेजच्या फाइली पुसल्या, दीड जीबी सुटले. जुने सिस्टिम लॉग छाटायला जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम दिलं, आणखी अडीच. आत शिरता आलं एवढंच. आता डीएफ म्हणतं ३४ जीबी वापरात, आणि सुडो (सर्वाधिकाराने चालवणं) डीयू -एक्सएचडी १ / म्हणतं सगळं मिळून १७. होम वेगळ्या पार्टिशनवर आहे, ते यात धरलेलं नाही. फाइल सिस्टिम ईएक्सटी४. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?

उत्तर १:
दोघंही खरंच बोलतायत. डीयू नावं धरून फाइली मोजतं, डीएफ थेट फाइल सिस्टिमला विचारतं. एखादी लॉग फाइल आरएमने (पुसायच्या आज्ञेने) उडवली, पण कुठल्या तरी प्रोग्रामने ती उघडी धरून ठेवली असेल, तर नाव जातं, जागा मात्र सुटत नाही. सुडो एलएसओएफ +एल१ चालवा, पुसूनही उघड्या राहिलेल्या फाइली दिसतील. मोठा आकडा दिसला तर ती सेवा रीस्टार्ट करा.

आणि ४० मधून ३४ वजा केल्यावर ६ उरायला हवेत, डीएफ ४ च दाखवत असेल, त्याने गोंधळू नका. ईएक्सटी४ ५ टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी (सगळे अधिकार असलेल्यासाठी) राखून ठेवतं. ४० चे २ जीबी झाले.

प्रश्नकर्ती:
हो, शिल्लक ४ च दाखवतंय. एलएसओएफमध्ये किरकोळ काहीतरी आहे, काही केबीचं. मशीन रीबूटही करून पाहिलं, आकडे जागचे हलले नाहीत.

उत्तर २:
जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा) काढा, एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज. स्नॅप पॅकेजांच्या जुन्या आवृत्त्याही पडून असतात. डॉकर (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) असेल तर डॉकर सिस्टिम प्रून. आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेत का तेही बघा, डीएफ -आय.

प्रश्नकर्ती:
डॉकर नाही. आयनोड ११ टक्के. कर्नल आणि स्नॅपचं म्हणाल तर त्या फाइली डीयूला दिसतातच की, त्या १७ मध्येच आल्या. मला न दिसणारे १७ हवेत.

उत्तर ३:
रीबूट करूनही फरक नाही, म्हणजे उघड्या फाइलींचा विषय संपला. बाहेरची डिस्क एखाद्या फोल्डरवर माउंट करता का, म्हणजे त्या फोल्डरातून उघडता का? माउंट केल्यावर त्या फोल्डरमध्ये आधी जे होतं ते झाकलं जातं. पुसलं जात नाही, फक्त दिसत नाही. डीयूला तर त्याचा पत्ताच लागत नाही.

सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/मूळ, मग सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ, आणि डीयू तिथे चालवा. बाइंडने रूट त्या दुसऱ्या फोल्डरातून झाकणाशिवाय दिसतं. नुसतं बाइंड हं, आर-बाइंड नको. त्याने वरच्या डिस्कही सोबत येतील आणि पांघरूण तसंच राहील.

प्रश्नकर्ती:
सापडले! /एमएनटी/मूळ/एमएनटी/बॅकअप, १७ जीबी. रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) आरसिंक (फाइलींची प्रत करणारा प्रोग्राम) चालतं. मागच्या महिन्यात एका रात्री बाहेरची डिस्क जोडायची राहिली होती. एफएसटॅबमध्ये (माउंट करायच्या डिस्कच्या यादीत) नोफेल आहे, त्यामुळे मशीन कुरकुर न करता सुरू झालं. आरसिंकला काय, /एमएनटी/बॅकअप नावाचं फोल्डर दिसलं, ओतलं सगळं त्यात. दुसऱ्या दिवशी मी डिस्क जोडली आणि त्यावर झाकण बसलं. मग पुढे लॉग वाढत गेले तसा गळा आवळत गेला.

आता आरएम करू का?

उत्तर ३:
थांबा. इथेच लोक हात पोळून घेतात. /एमएनटी/बॅकअप हा मार्ग दिलात तर खरा बॅकअप जाईल. पुसायचं ते /एमएनटी/मूळ खालचं. मी तर अशा वेळी बाहेरची डिस्क अनमाउंट करून, केबल उपसून बाजूला ठेवतो आणि मगच पुसतो. त्याआधी त्या रात्रीची एखादी फाइल खऱ्या बॅकअपमध्ये आहे ना, तेवढं बघून घ्या.

डिस्क काढलेली आहे तोवरच रिकाम्या फोल्डरवर सुडो चॅटर +आय /एमएनटी/बॅकअप देऊन टाका. मग डिस्क नसताना तिथे रूटलासुद्धा लिहिता येत नाही, डिस्क माउंट मात्र नेहमीसारखी होते. स्क्रिप्टमध्ये आरसिंकच्या आधी माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/बॅकअप || एक्झिट १ ही ओळही घाला, म्हणजे डिस्क नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबेल.

प्रश्नकर्ती:
केबल उपसूनच पुसलं. वापरलेले १७, शिल्लक २१. चॅटर केलं, डिस्क न जोडता स्क्रिप्ट चालवून पाहिली, मुकाट्याने बाहेर पडली. त्या राखीव २ जीबींचं काय, ट्यून२एफएसने (ईएक्सटी४ची सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेने) १ टक्क्यावर आणू?

उत्तर १:
नुसत्या डेटाच्या पार्टिशनवर खुशाल आणा. रूटवर नको. परवा टर्मिनलवर सुडोने आवराआवर करता आली ना, ती त्या २ जीबींमुळेच.