समुद्रकाठचं घर हिवाळ्यात बंद ठेवायचंय, पाइपांचं काय करू?

आमचं सुट्टीचं घर किनाऱ्यावर, खांबांवर उभं आहे. हिवाळ्यात तिथे पारा शून्याखाली जातो आणि घर रिकामं असतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे मेन व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडे ठेवणं, गीझरची वीज तोडून टाकी रिकामी करणं हे करणारच आहे. काळजी आहे ती घराखालच्या उघड्या पाइपांची. गार वारा थेट लागतो, आणि एका ठिकाणी पाइपाला झोळ आलाय, तिथे पाणी साचून राहणारच. कॉम्प्रेसरने हवा मारून ते निघेल का? दाब किती ठेवावा? खाऱ्या हवेने ड्रेन व्हॉल्व्हवर हिरवा थर चढलाय; जोर लावला तर तुटेल अशी भीती वाटते. ट्रॅपमध्ये (सिंकखालच्या पाणी साचून राहणाऱ्या वाकड्या पाइपात) गोठू न देणारं द्रव म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉलच घालणार, इथिलीनवालं विषारी असतं म्हणून नको. कुणी हे स्वतः केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.